रिठावरची माती

माझी नोकरी कसली असं कोणी विचारलं तर मी सांगतो, लोकांना मातीचं घर पटवून देण्याची. वर्ध्यात आमची संस्था आहे. मातीच्या दाबविटा, चुना, बांबू आणि छपरावर सोलर, असा सगळा कारभार. वीसेक वर्षं मी यात आहे. सिमेंटनं खेड्यांचं कसं वाटोळं केलं यावर मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही तेच बडबडतो, असं बायको म्हणते. आणि मी बोलतो चांगलं. समोरचा माणूस मान डोलवायला लागला की मला चेव येतो. या गोष्टीचा मला गर्व होता. तो कसा गेला ते लिहायला बसलोय.

गिरडच्या रस्त्याला एक गाव आहे, तिथल्या अंगणवाडीच्या ताई एका उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी अर्ज काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, टिनाच्या खोलीत लेकरं भाजून राह्यले. लाईन दुपारी राहतच नाई. तुमी मातीचं थंडगार बांधून देता म्हणे." मला त्या आवडल्या. मागायला आल्या होत्या, पण लाचारी नव्हती. संचालकांनी होकार दिला, बाहेरच्या देणगीदारांनाही कल्पना पसंत पडली. अट एकच होती, इमारत गावातल्या मातीची हवी आणि सिमेंटची एक पिशवीसुद्धा वापरायची नाही. ही अट मीच सुचवली होती.

आता आमच्या भागाची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिची वीट होत नाही. मुरमाच्या खाणीची परवानगी मिळायला महिने जातात. मग गावाच्या उत्तरेला असलेलं रीठ माझ्या डोळ्यांत भरलं. रीठ म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाची ओसाड जागा. आमच्याकडे दर दोन-तीन गावांमागे एखादं असतं, सहसा तिथं बाभळी आणि फुटक्या खापऱ्यांशिवाय काही नसतं. माती मात्र पांढरी, मऊ, मुठीत दाबली की मुठीचा आकार धरणारी. साच्यातून पहिली वीट निघाली तेव्हा तिच्या कडा बघून मी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली.

मारुतीच्या देवळात सभा घेतली. मी वीट जमिनीवर ठेवली, तिच्यावर उभा राहिलो आणि दोन उड्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात खांबाशी बसलेले एक आबाजी बोलले, "रिठाची माटी घराले लावत नाईत."

"काऊन आबाजी?"

"ते मले नाई मालूम. माह्या बापानं नाई लावली, त्याच्या बापानं नाई लावली."

"भूत लागते काय?" मी विचारलं, आणि सगळं देऊळ हसलं. आबाजीही ओशाळून हसले आणि पुन्हा काही बोलले नाहीत. मला तेव्हा फार मजा वाटली. म्हाताऱ्या माणसाला गप्प करणं किती सोपं असतं, हे मला आज फार टोचतं.

माती तपासायचा आमचा एक फॉर्म असतो. वाळू किती, चिकणमाती किती, ते मी बरणीत माती ढवळून, थर बसू देऊन नीट पाहिलं. खाली एक रकाना आहे, क्षार. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि पंधरा दिवस थांबावं लागतं. मिस्त्री मोकळे बसले होते, पावसाळा तोंडावर होता. मी त्या रकान्यात "नाही" असं लिहिलं आणि सही केली. मनात पाप नव्हतं. नुसती घाई होती, आणि आपल्याला मातीतलं कळतं हा माज होता.

इमारत देखणी झाली. छपरावर सोलरच्या पाट्या बसल्या, आत दोन दिवे आणि एक मोठा पंखा. गावात वीज असो-नसो, अंगणवाडीचा पंखा फिरायचा. आया मुलांना सकाळी लवकर आणून सोडायला लागल्या, शाळेतली मोठी पोरंसुद्धा सुट्टीत तिथं येऊन पडायची. जुनी टिनाची खोली ग्रामपंचायतीनं लगेच पाडून टाकली. आमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या पंख्याखाली झोपलेली मुलं होती.

पहिल्या पावसाळ्यानंतर ताईंचा फोन आला. "भाऊ, बकऱ्या येऊन भित चाटून राह्यल्या. हाकललं तरी जात नाई."

मी हसलो. पण चार दिवसांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेलो होतो तेव्हा डोकावलो. मागच्या भिंतीला जमिनीपासून गुडघ्याइतकं उंच पांढरं काहीतरी फुललं होतं, कापसाच्या तंतूसारखं. बोटानं खरवडून मी ते जिभेला लावलं. खारट. कित्येक पिढ्यांची गुरं तिथं बांधली गेली असतील, मुतली असतील, चुलींची राख पडली असेल. ते सगळं मीठ त्या मातीत होतं. खालून काळी जमीन ओल द्यायची, ओलीबरोबर मीठ वर चढायचं आणि सुकताना वीट आतून फोडायचं. आबाजींच्या बापाला रसायन माहीत नव्हतं, पण लोणा लागलेली, मिठानं खाल्लेली भिंत त्यानं पाहिली असणार. मी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. भद आवाज आला, आतून पोकळ झाल्यासारखा.

संचालकांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आयुष्य या कामात घातलंय आणि म्हणूनच ते घाबरले. म्हणाले, "चुन्याचा गिलावा करून घ्या. पुढच्या महिन्यात देणगीदार पाहणीला येतायत. एका भिंतीपायी माती बदनाम व्हायला नको." मला हे पटलं, असं लिहायला लाज वाटते, पण पटलं. गिलावा केला. भिंत पुन्हा गुळगुळीत दिसू लागली. काम संपल्यावर ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, खरं सांगजा. भित पक्की हाय ना?"

"पक्की हाय ताई. काई होत नाई," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझा मलाच धीर आला.

दुसरा पावसाळा गिलाव्याला फोड आणून गेला. मागच्या भिंतीत खिडकीखाली तिरकी चीर पडली, तीत माझं बोट पेरापर्यंत जायचं. भिंतीच्या कडेला रोज मूठभर माती झडलेली असायची आणि मदतनीस बाई ती झाडून टाकायची. आता मात्र मी हादरलो. इमारत रिकामी करा, असं संचालकांना लेखी दिलं. त्यांनी तज्ज्ञांना बोलावतो म्हटलं, अजून बोलावतायत. पंचायतीला पत्र दिलं, ते म्हणाले तालुक्याहून आदेश आणा. तालुक्याला अर्ज केला, सोबत तो फॉर्म जोडला आणि लिहिलं की क्षाराच्या रकान्यातलं "नाही" मी न तपासता लिहिलं होतं. तो अर्ज कुठल्यातरी टेबलावर आहे. मागून मी दोन लाकडी बल्ल्यांचे टेकू लावले, त्यांच्यावर लोक कपडे वाळत घालतात.

शेवटी त्याच मारुतीच्या देवळात पुन्हा सभा घेतली आणि सरळ सांगितलं की माझी चूक झाली, भिंत पडू शकते, मुलांना आत बसवू नका. आबाजी तोवर राहिले नव्हते. सरपंच समजावणीच्या सुरात म्हणाले, "साहेब, तुमीच तं विटेवर नाचून दाखवलं होतं. आता तुमचं संस्थेत काई बिनसलं असन, तं त्याच्यात गावाले काऊन ओढता?" मागून एक तरुण आई उठली. "अन् लेकरं ठेवाचे कुठं? घरी पंखा बंद. देवळाच्या खांबाले बांधू काय?" लोक हसले. मी वीस वर्षं कमावलेली ती सगळी बोलण्याची कला त्या दिवशी कुचकामी ठरली. मी खोटं इतकं चांगलं बोललो होतो की आता खरं बोलायला जागाच उरली नव्हती.

मग मी एक चोरटा उपाय केला. अंगणवाडी सुटल्यावर जाऊन पंख्याच्या लाईनीचा फ्यूज काढून खिशात घातला. पंखा नाही म्हटल्यावर मुलं येणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. पण भिंतीवर आमच्या सोलर विभागाचा फोन नंबर आम्हीच रंगवलेला. कोणीतरी फोन लावला, दुसऱ्या दिवशी आमचाच मेकॅनिक मोटारसायकलवर जाऊन नवा फ्यूज बसवून आला. ऑफिसात चहाच्या वेळी तो मला हौसेनं सांगत होता, "भाऊ, एका दिवसात चालू करून देल्ला. गाववाले लय खुश झाले." मी त्याला शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

मागच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. दुपार होती, गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या दिशेनं आभाळ भरून येत होतं. ताई आत मुलांकडून गाणं म्हणवून घेत होत्या. सतरंजी दाराजवळ ओढली होती, मुलं तिच्यावर दाटीवाटीनं बसली होती. त्या स्वतः मात्र मागच्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. चीर त्यांच्या डोक्याच्या हातभर वर होती.

"तिथं काऊन बसल्या?" माझा आवाज चढला.

"फ्यूज तुमीच काढला होता ना भाऊ?" त्यांनी उलट विचारलं.

"हो. ताई, कुलूप लावा याले. मी सांगतो सगळ्यांले, मीच लावाले लावलं म्हणून."

"कुलूप लावलं तं मले काढतीन अन् दुसरीले आणतीन. ते नवी तं तुमचं पयलंच सांगनं खरं मानन, भित पक्की हाय म्हणून." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी सभेत सांगतलं, ते चांगलं केलं. पण मी विचारलं होतं तवा सांगाचं होतं. तवा जुनी खोली पाडेल होती, पण लोकं माह्यं आयकत होते. मी शाळेच्या व्हरांड्यात बसवलं असतं. आता पंखा सोडून तिथं कोनी येत नाई."

मी भिंतीच्या कडेची झडलेली माती पायानं गोळा करत राहिलो.

"मी इथं काऊन बसतो, सांगू?" त्या म्हणाल्या. "माटी सरकली का आधी पाठीले समजते. लेकराईले शिकवून ठेवलं हाय, मी उठली का साऱ्याईनं बाहीर पळाचं, चपला घ्याच्या नाई. त्याईले खेळ वाटते. थांबा, पानी आणतो तुमाले."

आणि त्या उठल्या.

गाणं तिथंच तुटलं. सगळी मुलं किंचाळत, हसत, एकमेकांना ढकलत दाराबाहेर पळाली आणि अंगणात जाऊन उड्या मारू लागली. मी दचकून भिंतीकडे पाहिलं. भिंत तशीच होती. ताई दारात उभ्या राहून बोटानं मुलं मोजत होत्या, ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्या परत आत आल्या.

सतरंजीवर, बरोबर पंख्याखाली, दोन-अडीच वर्षांची एक मुलगी पालथी झोपली होती. गारव्यात तिला गाढ झोप लागली होती, एवढ्या आरडाओरड्यातही ती हललीसुद्धा नव्हती. ताईंनी खाली वाकून तिला खांद्यावर घेतलं.

"हे एक रोजच राह्यते," त्या म्हणाल्या.