नुसतं तेजाब

गडमुडशिंगीच्या अलीकडे आपल्या ट्रकमधून तांबूस धूर निघतोय, असा निरोप एका सायकलवाल्याने आणला, तेव्हा मी शिवाजी पेठेतल्या आमच्या ट्रान्स्पोर्टमध्ये बुकिंगच्या टेबलावर होतो. ट्रकमध्ये काय आहे ते मला ठाऊक होते.

हुपरीला चांदीच्या कारागिरांकडे निघालेले तेजाबाचे काचेचे जार. तेजाब म्हणजे ॲसिड. आमच्याकडे ते दोन जातींचे यायचे. गंधकाच्या तेजाबाचे जार पिंजरात, म्हणजे भाताच्या वाळल्या काडात बसवले तरी चालून जायचे. शोऱ्याचे तेजाब पिंजरावर सांडले, की पिंजर पेटते. त्याला वाळूच लागते.

हमालांचा म्होरक्या दौलूमामा. त्याला वाचता येत नव्हते. लोडिंगची चिठ्ठी मी वाचायची आणि त्याने माल लावायचा, अशी रीत. त्या सकाळी घाईत मी नुसते 'तेजाब' वाचले. जार हलू नयेत म्हणून त्याने मायेने पिंजर दाबून भरले.

ड्रायव्हर वाचला. हात भाजले.

मालकांनी दौलूमामाला समोर उभे केले.

"शोऱ्याच्या मालाला पिंजर? डोकं ठिकाणावर हाय का?"

"शोऱ्याचं म्हणून वाचलंच न्हाय, मालक. नुसतं तेजाब म्हणालं क्लार्कसायेब."

मालक माझ्याकडे वळले. "काय हो, शोऱ्याचं वाचलं होतं न्हवं?"

मी "हो" म्हणालो. नोकरी नवी होती. एवढेच कारण. दौलूमामाने मुंडासे उचलले आणि तो बाहेर गेला. त्याला पुन्हा कामावर घेतले नाही.

काही वर्षांनी मालक वारले. मग मला धीर आला, हे लिहितानाही लाज वाटते. गडमुडशिंगीला दौलूमामाच्या घरी गेलो, तेव्हा तो गोठ्यात वैरण टाकत होता.

"मामा, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ते मला सांगाय आलासा व्हय? मी तितंच हुतो की!"

हातातली वैरण त्याने खाली ठेवली.

"मला ठावं हाय. गावाला न्हाय. पोरीच्या सोयरिकीला गेलो की पावणं इचारत्यात, ट्रक पेटवला तो दौलू तुमीच का? चला पारावर. तितं बोला."

पारावर सात-आठ जण होते. मी सगळे सांगितले. एक म्हातारा म्हणाला, "मग इतकी वर्सं तोंडात तेजाब धरलं हुतं व्हय?" सगळे हसले. दौलूमामा हसला नाही. "बास," म्हणाला. "आता च्या प्या आणि जावा."

हल्ली आमच्याकडे शोऱ्याच्या जाराच्या गळ्यात तांबडी चिंधी बांधतात. वाचता न येणाऱ्यालाही ती दिसते, आणि क्लार्कला नंतर काही म्हणता येत नाही.