कॉरनालीचा पंधरावा गडी

कॉरनाली पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चखालच्या गावाच्या, फुटबॉल संघाचं कॅप्टनपद मॅलाकी गिलरेनने कधीच मागितलं नव्हतं. ते त्याच्या गळ्यात पडलं एका गाईमुळे. मॅलाकीचा धंदा कृत्रिम रेतनाचा. क्लबची वार्षिक सभा रंगात आली असताना डोंगराकडच्या कुणाची तरी गाय माजावर आली आणि हा तिकडे धावला. कॉरनालीत जो सभेला नसतो त्याच्यावरच काम सोपवायची रीत आहे, कारण हजर असलेले सगळे नाही म्हणू शकतात. तो परतला तेव्हा लोक त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि एकजणही नजरेला नजर देत नव्हता.

त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी त्याला अभिमान वाटला, खोटं कशाला बोला. पुढची सगळी वर्षं मात्र माणसं गोळा करण्यात गेली. गेलिक फुटबॉलला, म्हणजे हातापायांनी खेळायच्या आयरिश फुटबॉलला, एका बाजूला पंधरा गडी लागतात आणि कॉरनालीत पंधरा तरणी माणसं एकाच वेळी दिसायची ती फक्त मयताला. बाकीची बोस्टनला, सिडनीला, नाहीतर डब्लिनला, शुक्रवारी नक्की येतो म्हणून न येणारी. मॅलाकीचा एक हात खांद्यापर्यंत गाईत आणि दुसरा फोनवर, हे दृश्य प्रत्येक गोठ्याने पाहिलेलं होतं.

"रविवारी येतोयस ना? अरे, लग्न शनिवारी आहे. मग रविवारी काय? नवरा तू आहेस का, लेका?"

त्याची बायको उना या प्रकाराला विटली होती. स्पर्धा उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, म्हणून यांचा प्रत्येक उन्हाळा मैदानाच्या कडेला. तिची बहीण कॅनडात. भाची शाळेत जायला लागली तरी मावशीने तिला फोनवरच पाहिलेलं. "यंदा दोघं जाऊ," असं मॅलाकी दर नाताळात म्हणायचा आणि मे उजाडला की त्याला ते आठवायचं नाही.

यंदा मात्र सुटकेची वाट दिसत होती. माणसं नाहीत म्हणून कॉरनालीने दोनदा समोरच्यांना पुढे चाल दिली होती. तिसऱ्यांदा दिली की संघ स्पर्धेतून बाद, आणि पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या टलीवॉरमध्ये विलीन. टलीवॉरात कॅप्टन व्हायला चौघेजण टपून बसलेले.

"तेवढं झालं की मी मोकळा," मॅलाकी उनाला म्हणाला. "ग्रुपवर एक मेसेज टाकतो. त्यापुढे कुणाच्याही हातापाया पडणार नाही. शपथ."

उनाने त्याच संध्याकाळी बहिणीला ऑगस्टमध्ये दोघं येतो म्हणून कळवून टाकलं.

मेसेजला पंधरा अंगठे आले. पण रविवारी लख्ख ऊन पडलं. ऊन पडलं की मुरघास आला, म्हणजे गुरांच्या हिवाळी चाऱ्याचं गवत कापणं आलं, आणि मुरघास आला की निम्मा संघ ट्रॅक्टरवर. मैदानात मॅलाकी धरून तेराजण उभे राहिले. फिन रूनीचा अंगठा सगळ्यात आधी आला होता. तो दोन महिन्यांपूर्वीच पर्थला गेला होता. अख्ख्या गावाला ते माहीत होतं, पण मॅलाकीला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. त्याची आईसुद्धा विचारलं की "कामावर गेलाय" म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

तेरा जणांवर सामना सुरू करता येतो. मात्र उत्तरार्धाच्या शिट्टीआधी पंधरा उतरवावेच लागतात, नाहीतर पुढे चाल दिली असं धरतात. मध्यंतराच्या जरा आधी केसांत गवत अडकलेला ओनान कुंपणावरून उडी मारून आला. झाले चौदा.

"मॅलाकी, अजून एक कमी आहे," मध्यंतराला रेफरी म्हणाला. "थांबवू का?"

फक्त हो म्हणायचं होतं. कुणी दोष दिला नसता. मॅलाकीने गाडीत बसलेल्या उनाकडे पाहिलं. सामन्याच्या दिवशी ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

तेवढ्यात मैदानाकडेच्या भिंतीवरून पॅकी मॅकमोरोचा आवाज आला. छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ प्रत्येक सामन्याला त्याच भिंतीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"पंधरा गडी जमवता येत नाहीत, तो कसला कॅप्टन!"

मॅलाकीचं डोकं सणकलं. पिशवीतली जर्सी उपसून तो तरातरा भिंतीपाशी गेला.

"उतर खाली."

"कुठे?"

"मैदानात. तू सभासद आहेस, नाव नोंदलेलं आहे. घाल ही."

"वेडा झालास का? माझे गुडघे बघ!"

"गुडघे राहू देत. तुझं तोंड तरी पळेल ना!"

सगळी भिंत खदखदून हसली. आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, हे पॅकीला कळलं. कुणीतरी बूट दिले. जर्सी पोटावर अडली, ती दोघांनी खाली ओढली. रेफरीने गडी मोजले आणि शिट्टी मारली.

कॉरनाली सडकून हरली. चेंडू पॅकीकडे एकदाच आला, तो छातीवर आदळला, आणि त्याने तो डुकराचं पिल्लू धरावं तसा घट्ट धरून ठेवला. पण सामना पूर्ण झाला होता. संघ वाचला होता. माणसं मॅलाकीची पाठ थोपटत होती. "पुढच्या वर्षीही तूच रे बाबा!" पॅकी धापा टाकत ओरडला, आणि मॅलाकीला त्याचा गळा धरावासा वाटला.

तो गाडीत येऊन बसला. उना समोर बघत होती.

"रेफरीने काय विचारलं?"

"थांबवू का, म्हणून."

"मग?"

"पॅकीचा राग आला गं. त्याचं तोंड बंद करायचं होतं."

"पॅकी अकरा वर्षं बोलतोय."

मॅलाकी वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. फिनवर, मुरघासावर, उन्हावर चिडून बघावं म्हटलं, तर आज त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"या गावाला मी किती शिव्या घातल्या, मॅलाकी," उना हळूच म्हणाली. "मला वाटायचं, हे लोक तुला सोडत नाहीत."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला.

ते त्याने इतक्या खरेपणाने म्हटलं की तिला भांडताही येईना. तिने गाडी सुरू केली.

"मग कॅनडाचं तिकीट एकच काढते," ती म्हणाली.