नत्थुजींनी पाहिलेली कड

वरूडच्या बाजारात चाळीस वर्षं संत्री पारखलेल्या नत्थुजींना कुणी फसवू शकतं, असं त्यांची बायको मैनाबाई सोडून कुणीच म्हणत नाही. त्यांची रीत एकच. व्यापारी चांगली फळं ढिगाच्या मधोमध रचतो. नत्थुजी तिकडं ढुंकूनही पाहत नाहीत. सरळ कडेला उकिडवे बसतात आणि पिचकं फळ हुडकून काढतात. "मधातला माल मिरवाले असते, बाप्पा. खरं काय ते कडेले समजते."

यंदा मात्र पारख होती नातीची. दहा वर्षांच्या आचलचे पाय दुखत, आणि नत्थुजींची धाकटी बहीण भागीरथा सिकलसेलनंच गेलेली. आजार मोठा लबाड. प्राणवायू कमी पडला की रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांत अडकून बसते. म्हणून नत्थुजी आचलला घेऊन अमरावतीला आकांक्षाकडं गेले. ही शेजारची पोरगी तिथल्या प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर संशोधन करते. गल्लीत मात्र तिची ओळख 'रक्त पाहणारी' एवढीच!

आकांक्षानं रक्ताचा थेंब काचेवर पातळ ओढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पडद्यावर चित्र लावलं आणि आचलला पाणी पाजायला बाहेर नेलं. झालं! नत्थुजींचे हात स्वस्थ बसतात होय? खुंटी फिरवत त्यांनी काच पार कडेपर्यंत सरकवली. तिथं पेशी लांबुळक्या, चेपलेल्या, वाकड्या. 

आकांक्षा परतली तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

"काहून, आबाजी?"

"पाह्यलं मी. आमच्या आचलचा सारा मालच वाकडा हाय."

"कोठं पाह्यलं?"

"कडेले. अजून कोठं पाहीन?"

आकांक्षाला हसू आवरेना. "आबाजी, थेंब ओढताना कडेच्या पेशी घासतात, चेपतात. माह्या रक्ताची कडही अशीच दिसन. इथं मधातच पाहा लागते!"

"मधात तर तू चांगला मालच ठेवला असशीन."

"मी काय व्यापारी हाय जी?"

तरी म्हाताऱ्याची खात्री पटेना. मग तिनं ताजा थेंब बंद काचपेटीत घेतला आणि आतला प्राणवायू हळूहळू काढला. "रोग असन तर आता वाकतीन. पाहा डोळ्यानं." नत्थुजींनी पापणी हलवली नाही. दोन मिनिटं, पाच, दहा. पेशी गोल त्या गोलच. दुपारी दुसऱ्या तपासणीचा कागदही आला: आजार नाही, आचल वाहकसुद्धा नाही. पायांचं दुखणं वाढत्या वयाचं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

नत्थुजींनी मैनाबाईंना फोन लावला आणि बोलण्याऐवजी हुंदकाच दिला.

"अहो, रडून काय राहिले? पोरीचं काय झालं ते सांगा ना!"

"पोरीले काही नाही, गोल हायत वं! साऱ्याच्या साऱ्या गोल हायत!"

"मंग असं रडता काय जी? माहा जीव गेला असता ना आता!" मैनाबाई कडाडल्या, आणि पुढं नुसता नाक ओढल्याचाच आवाज येत राहिला.

"आता तू काहून रडून राहिली?" नत्थुजींनी डोळे पुसत विचारलं.