आखाजीला केलेलं अर्थिंग

काय सांगू तुम्हाला! हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्या या शहाणपणापायी सासरे जिवानिशी जाता जाता वाचलेत.

मी भुसावळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायको माहेरी निघाली, तिच्यासोबत मी, जावई, अमळनेरकडच्या गावी! सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर झटके द्यायचा. नाना लाकडी काडीनं बटण दाबायचे.

मी म्हणालो, "नवं अर्थिंग करून टाकू. वायरमन कशाला? मी आहे ना!"

खड्डा खोदला. पत्रा, तार, कोळसा, मीठ, सगळे थर अगदी शास्त्रशुद्ध!

नानांनी बादली आणली. "जवाईबापू, वरथून पानी टाकानं ना?"

"छे! मीठ वाहून जाईल, नाना. कोरडंच हवं."

वर प्लास्टिक अंथरलं, कडेनं दगड लावले. मिठाची एवढी काळजी कुणी घेतली असेल का? नानांनी विश्वासानं काडी फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी, ऐन सणाला, नानांनी हातानं बटण दाबलं आणि मागे फेकले गेले. सुनंदानं, माझ्या बायकोनं, धावत जाऊन मेन स्विच पाडला. नाना हलेनात. खरं सांगतो, मी त्यांच्या उशाशी बसून लहान पोरासारखा रडलो.

मग त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर येऊन तपासून गेले. हाताला फोड, बाकी देवाची कृपा.

संध्याकाळी बाजेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "इतलं मीठ टाकं, तरी करंट जमीनमा का नही गया?"

प्रश्न आला की वर्गातल्या सवयीनं माझं तोंड आपोआप सुरू होतं. "त्याचं असं आहे नाना, कोरड्या मिठात आयन एकमेकांना जखडून बसलेले असतात, जागचे हलत नाहीत. पाण्यात विरघळलं की ते बंध सुटतात, आयन मोकळे होतात आणि मगच वीज..."

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. सुनंदानं तर डोक्याला हात लावला.

"मंग हाई तुमले खड्डा खंदाना पह्यले माहीत व्हतं?" नानांनी शांतपणे विचारलं.

"दरवर्षी परीक्षेत विचारतो, नाना."

"पोरेसले येस का उत्तर?"

"बहुतेकांना येतं."

नाना कूस बदलत म्हणाले, "मंग पुढली आखाजीले तुम्ही घर रहा, जवाईबापू. त्यासमाधला एखादा पोऱ्या धाडी द्या."