तिसऱ्या दिवसाची सही

सत्तरच्या दशकात मी पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. आमच्या मॅडम दिवसभर कंपनीच्या जंतुचाचण्या करायच्या आणि शिफ्ट संपली की साहेबांच्या परवानगीने स्वतःचा प्रयोग. मंगळासारख्या थंडीत, हवेशिवाय जंतू तग धरतील का, हे त्यांना बघायचं होतं. कँटीनमध्ये लोक हसायचे. मीही हसायचो, त्यांच्यासमोर मात्र नाही.

लष्करातल्या भावाने त्यांना बिस्किटाच्या डब्यातून लडाखची माती पाठवली होती. ती बरण्यांत भरायची, आतली हवा काढायची, झाकणाला मेण लावायचं आणि महिनोन्महिने गोठवून ठेवायची. निम्म्या बरण्यांत माती जशीच्या तशी, निम्म्यांत जंतू मारलेली. मारलेल्या मातीत काही उगवलं तर बाहेरचं काहीतरी आत शिरलं असं समजायचं, म्हणजे सगळाच प्रयोग बाद. जंतू मारायचं काम माझं. लागोपाठ तीन दिवस माती ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत तापवायची आणि रोज वहीत सही करायची. एका दिवसात सगळे मरत नाहीत, म्हणून तीन दिवस.

तिसरा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. मॅडम रजेवर होत्या. ऑटोक्लेव्हला झेंडूचा हार घातलेला, हळदकुंकू लावलेलं आणि शेजारी आमचे थेरगावचे मिस्त्री उभे.

"आज त्येला हात लावायचा न्हाई. वर्षातनं एक दिस त्येला बी इसावा हाय."

"मॅडमची माती आहे, मिस्त्री."

"माती काय पळून जाती व्हय?"

मी आमच्या विभागात एकटा बौद्ध. तो हार काढून मी बटण दाबलं असतं, तर भांडण यंत्रावरून राहिलं नसतं, माझ्या जातीवर गेलं असतं. ही सबब खरी आहे. पण वहीत सही कर असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ती मी केली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मॅडम बरण्या भरायला बसल्याही होत्या.

चार महिन्यांनी बरण्या उघडल्या आणि चिमूटचिमूट माती जंतू वाढवायच्या काचेच्या नळ्यांत घातली. मारलेल्या मातीतही जंतू वाढले होते. मॅडम बराच वेळ नळ्या उजेडाकडे धरून बघत राहिल्या.

"तिन्ही दिवस तापवली होतीस ना?"

"हो, मॅडम."

पुढच्या महिन्यात मी पर्मनंट होणार होतो.

"मग माझ्याच मेणाला कुठेतरी फट राहिली," त्या म्हणाल्या. प्रत्येक झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. वही त्यांनी मागितलीसुद्धा नाही. बरण्या धुऊन टाक आणि डबा रिकामा कर, एवढंच सांगितलं. मी सगळं निमूटपणे केलं. आजही त्याची लाज वाटते.

पुढे अमेरिकेचं यान मंगळावर उतरलं. तिथलीही माती तापवून आणि न तापवता तपासतात, असं पेपरात आलं होतं. मॅडमनी ती बातमी वाचली, घडी घातली आणि कामाला लागल्या. तोवर त्या शिफ्ट संपली की पाचची बस पकडायला लागल्या होत्या.

काही वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी बसथांब्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या चिडतील असं वाटलं होतं, चिडाव्यात असंही वाटत होतं.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस तर परत तीन दिवस तापवली असती. डब्यात निम्मी माती शिल्लक होती रे."

मला ठाऊक होतं. कँटीनच्या मागे मीच ती ओतली होती.