विकेटकीपर अजून ठरला नाही

आज पुन्हा रफीकभाईंना डायलिसिससाठी अहेरीहून चंद्रपूरला नेलं. ते आमच्या गल्लीतले टेलर. मशीन लावल्यावर म्हणाले, "थकलो रे आता. पुढच्या खेपेले मी येत नाई."

समजूत काढायची ताकद माझ्यातही नव्हती. म्हटलं, "भाई, आपण आजवर टीव्हीवर पाह्यलेल्यांतून भारताची सगळ्यात भारी टीम काढा."

चार तासांत भाईंनी दहा जण निवडले, दोनदा कॅप्टन बदलला. विकेटकीपर मात्र ठरेना.

निघताना गाडीत म्हणाले, "घाई नोको करू. शुक्रवारी सांगतो तुले."

घरी येऊन पडलोय. पाठ धरली आहे आणि शुक्रवारी पुन्हा तोच रस्ता.

तुमचा विकेटकीपर कोण? दोन-तीन नावं सांगा. भाईंचं इतक्यात ठरायला नको.