पाठीवरची तांबडी माती

भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांना मी रिकामटेकडे समजतो. या ग्रुपवरचे कितीतरी किस्से वाचून पोट धरून हसलोय. आज स्वतःच लिहायला बसलोय, याची लाज वाटतेय... असो.

माझा धाकटा भाऊ सागर. पाच वर्षं तालमीत घाम गाळला आणि कुस्ती सोडून बॉडीबिल्डिंगच्या नादाला लागला. शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका एसी जिममध्ये टॅनिंगचं मशीन आलं — काचेवर, दिव्यांच्या मध्ये उघडं झोपायचं आणि पैसे देऊन काळं व्हायचं! स्टेजवर म्हणे स्नायूंचे कट्स उठून दिसतात.

"मुरगूडला मामाच्या उसाला पाणी पाजायला जा की, फुकटात काळा होशील," मी म्हटलं. पण ऐकेल तो सागर कसला.

स्पर्धा जवळ आली होती. त्याच्या पाठीला तेल चोळायला मी जायचो. पहिल्याच दिवशी तो मशीनमधून उठला, तर उजव्या खांद्याखाली, जुन्या तिळावर, बोटभर तांबडी माती.

"आदल्या पावण्याची घाण हाय ही," मी मशीनवाल्याला झापलं.

"तुमच्यासमोरच काच पुसली की ओ!"

पुसली होती, खरंच. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पुसली. तरी तेच, त्याच जागी. वास घेतला — ताक, हळद, तेल. आखाड्याची माती! सागरला तालीम सोडून दोन वर्षं झाली होती.

"दादा, मला भ्या वाटाय लागलंय."

"पैलवान म्हणं! मातीला भितोय." मी टॉवेलनं खसाखसा पुसलं. माती गेली, पण तिळातून रक्त आलं आणि थांबेना. म्हणून दवाखाना गाठला.

तिळाच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. तुकडा तपासला... त्वचेचा कॅन्सर.

"मशीननंच झाला असं नाही म्हणणार," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्या किरणांनी धोका वाढतो. वेळेत आलात."

ऑपरेशन झालं, सागर सुखरूप आहे. आता इथल्या ज्ञानी मंडळींनी आत्मा, संकेत वगैरे सुरू करू नये. माती कुठून आली, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

पण आज अंघोळीला निघालो, तर बायको म्हणाली, "आवो, पाठीला तांबडी माती कशानं लागली?"

सागरला हसता हसता, त्याच्या पॅकेजवर मीही त्या मशीनमध्ये चारदा झोपलो होतो. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

माती पुसलेली नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे तशीच घेऊन जातोय.